हाडाची मोठी गाठ : विरार ते परळ

हाडात उगम पावणारा कर्करोग दुर्मिळ आहे. त्यातला नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. तो दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण तीन-चार जणांना होतो. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहर महापालिकेच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक लोक होते आणि त्यानंतर नालासोपारा, विरार पूर्व, नायगाव या भागांत वस्ती वाढतच गेली. तरीही एवढ्या मोठ्या शहरात या रोगाचे नवे रुग्ण वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. आगाशीत किंवा आचोळ्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला असा रुग्ण सबंध कारकिर्दीत एखाद-दुसराच येतो. गुडघा दुखतो म्हणून येणारी पोरे मात्र रोजची. रोग दुर्मिळ आणि लक्षण रोजचे, या विसंगतीत गाठीला वाढायला वेळ मिळतो.

ऑस्टिओसार्कोमा बहुतेक वेळा दहा ते वीस या वयात होतो, उंची झपाट्याने वाढत असते तेव्हा. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक, म्हणजे गुडघ्याच्या वर-खाली, ही त्याची मुख्य जागा. त्याखालोखाल दंडाच्या हाडाचे खांद्याकडचे टोक. युइंग सार्कोमाही मुलांचाच रोग. तो बरेचदा हाडाच्या मधल्या दांड्यात किंवा कमरेच्या हाडात होतो आणि सोबत ताप असला की हाडात पू झाल्यासारखा भासतो. कॉन्ड्रोसार्कोमा मोठ्या वयात होतो आणि त्याच्या बहुतेक प्रकारांवर केमोथेरपी चालत नाही. चौथा प्रकार जायंट सेल ट्यूमर. तो वीस ते चाळीस या कमावत्या वयात होतो. रूढ अर्थाने तो कर्करोग नव्हे, पण सांध्यालगतचे हाड आतून पोखरत जातो. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात आणि चीनमध्ये त्याचे प्रमाण जास्त आढळते.

श्रीमंत देशांतल्या पाठ्यपुस्तकांत दाखवलेल्या गाठी आणि भारतातल्या सरकारी रुग्णालयांत दिसणाऱ्या गाठी यांच्या आकारात मोठा फरक असतो. इथे गुडघ्याभोवतीचा घेर दुप्पट झालेला, कातडी ताणून चकाकणारी, तिच्यावर निळ्या शिरा उठलेल्या अशा अवस्थेत रुग्ण पहिल्यांदा तज्ज्ञापुढे येतो. क्वचित गाठ कातडी फोडून बाहेर आलेली असते. मधले महिने कुठे जातात हे सगळ्यांना ठाऊक असते. आधी ‘खेळताना मुका मार लागला’ म्हणून मलम, मग गरम शेक, मग ‘हाड वाढतंय’ म्हणून दिलासा, मग मालीश, मग हाडवैद्याचा लेप. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भगताकडे एखादी फेरी. वेदनाशामक गोळीने आठवडाभर बरे वाटते, म्हणून आणखी एक महिना जातो. घरातले लोक निष्काळजी असतात असे मुळीच नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला तालुक्याच्या दवाखान्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी पडते, आणि धडधाकट दिसणाऱ्या पोराच्या दुखण्यासाठी ती पुन्हा पुन्हा देणे त्याला परवडत नाही.

मालीश आणि लेपाने होणारे नुकसान दुहेरी असते. पोखरलेले हाड जोराच्या दाबाखाली मोडू शकते. शिवाय दाहक लेपाने कातडीवर फोड आणि जखमा झाल्या की पुढे शस्त्रक्रियेत गाठीवर ओढून घ्यायला निरोगी कातडी उरत नाही. पाय वाचणार की नाही हे काही वेळा या कातडीवर ठरते.

वास्तविक संशय येण्यासाठी लागणारे साधन कुठेही मिळते. समोरून आणि बाजूने घेतलेला, जवळचा सांधा दिसेल असा साधा एक्स-रे पुरेसा असतो. ऑस्टिओसार्कोमात हाडाची कड तुटलेली दिसते, आतला भाग कुठे पांढरा तर कुठे विरळ झालेला असतो. हाडावरचे आवरण गाठीने उचलल्यामुळे कडेला एक लहानसा त्रिकोण तयार होतो आणि गाठीतून बाहेर मांसात किरणांसारख्या बारीक रेषा फाकलेल्या असतात. जायंट सेल ट्यूमरमध्ये सांध्याला अगदी खेटून, हाडाच्या एका बाजूला काळसर पोकळी दिसते आणि तिच्याभोवतीचे हाडाचे कवच कागदासारखे पातळ झालेले असते. हे वाचायला एमआरआय लागत नाही. वसई, नालासोपारा, विरार इथे एक्स-रे काही शे रुपयांत निघतो. विश्रांती घेऊनही न थांबणारी, रात्री झोपेतून उठवणारी वेदना आणि हाताला लागणारी कठीण सूज, एवढ्या दोन गोष्टींवर तो काढून घेतला तर बहुतेक गाठी लहान असतानाच सापडतील.

कधीकधी गाठ असलेल्या जागीच हाड मोडते आणि मगच रुग्ण दवाखान्यात पोहोचतो. घसरून पडण्यासारख्या किरकोळ कारणाने धडधाकट तरुणाचे मांडीचे हाड मोडावे, हीच मुळात शंकेची जागा. अशा वेळी नेहमीचा अपघात समजून हाडाच्या पोकळीत सळई घातली तर गाठीतल्या पेशी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पसरतात. जिथे दहा-पंधरा सेंटिमीटर हाड काढून भागले असते तिथे सगळे हाड दूषित होते आणि पाय कापण्यावाचून मार्ग उरत नाही. मोड असली तरी प्लास्टर किंवा स्प्लिंट लावून पुढे पाठवणे, हे अशा रुग्णाच्या बाबतीत छोट्या रुग्णालयाने केलेले सर्वांत मोठे काम ठरते.

तुकड्याच्या तपासणीचेही तसेच आहे. बायोप्सी हा शब्द ऐकला की ती किरकोळ गोष्ट वाटते. या रोगात ती अख्ख्या उपचाराची दिशा ठरवते. सुई किंवा चाकू ज्या वाटेने गाठीपर्यंत जातो ती वाट दूषित झाली असे धरले जाते आणि मुख्य शस्त्रक्रियेत ती गाठीसोबत काढावी लागते. म्हणून वाट एकच हवी, हाता-पायाच्या लांबीच्या दिशेने हवी आणि पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने ठरवलेल्या रेषेवर हवी. आडवा छेद घेतला की हिशेब चुकतो. अमेरिकी सर्जन हेन्री मॅनकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये 329 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 4.5 टक्के रुग्णांचा अवयव केवळ चुकीच्या बायोप्सीमुळे विनाकारण कापावा लागला होता. 1996 मध्ये 597 रुग्णांवर तोच अभ्यास पुन्हा झाला, तेव्हाही हे प्रमाण 3 टक्के निघाले, आणि चुका मुख्यतः रुग्णाला पुढे पाठवणाऱ्या रुग्णालयांत झालेल्या होत्या. जाड सुईने, तेवढीच जागा बधिर करून घेतलेला तुकडा बहुतेक गाठींत निदानाला पुरतो आणि खर्चही कमी येतो. पण तो घ्यायची जागा मुंबईत परळचे कर्करोग रुग्णालय आहे, वसई नव्हे. जवळच्या रुग्णालयाने ‘आधी तुकडा काढून बघू’ असे म्हटले तर नम्रपणे नको म्हणायचा हक्क घरच्यांना आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. 1962 मध्ये ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आले, आणि अणुशक्तीशी जुळलेले हे नाते हाडांच्या उपचारात पुढे अनपेक्षित रीतीने उपयोगी पडले. विरारपासून चर्चगेट साठ किलोमीटर. परळला जायचे तर दादरला किंवा प्रभादेवीला उतरायचे. महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतून, बिहार-बंगालमधून येणारी कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात जागा शोधतात. लहान मुलांसाठी 2006 पासून सेंट ज्यूडची राहण्याची केंद्रे आहेत. वसई-विरारचा रुग्ण त्या मानाने जवळचा, म्हणून तो सहसा घरूनच ये-जा करतो. हे जवळ असणे वाटते तितके सोपे नाही. केमोथेरपीनंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. ‘काउंट पडले’ असे वॉर्डात म्हणतात ते हेच. नेमक्या त्या दिवसांत विरार लोकलच्या गर्दीत, दुखरा पाय सांभाळत उभे राहून प्रवास करणे धोक्याचे असते. लोकलमध्ये अपंगांसाठी असलेल्या राखीव डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो, हे अनेक घरांना माहीत नसते.

काउंट पडलेले असताना ताप आला तर तो साधा ताप नसतो. रात्री अकरा वाजता नालासोपाऱ्यात मूल तापाने फणफणले तर सकाळची पहिली गाडी पकडून परळ गाठण्याइतका वेळ हातात नसतो. रक्त तपासून पहिले प्रतिजैविक शक्य तितक्या लवकर, जमल्यास तासाभरात, शिरेतून जायला हवे. हे काम वसईतल्याच रुग्णालयाचे. उपचार-पत्रिकेची फाइल घरात हाताशी असणे आणि जवळच्या डॉक्टरला आधीच कल्पना दिलेली असणे, यावर अशा रात्री जीव अवलंबून असतो. केमोथेरपी देणारी मोठी संस्था आणि ताप सांभाळणारे गावातले रुग्णालय यांची सांगड बसल्याशिवाय हा उपचार पुरा होत नाही.

केमोथेरपीने या रोगाचे चित्र किती बदलले ते आकड्यांत सहज दिसते. 1970 पूर्वी ऑस्टिओसार्कोमात वेळेवर पाय कापूनही पाचांपैकी जेमतेम एक रुग्ण दीर्घकाळ जगत असे, कारण निदानाच्या वेळीच सूक्ष्म पेशी फुप्फुसात पोहोचलेल्या असत. औषधे आल्यावर, रोग दूरवर न पसरलेल्या रुग्णांत हे प्रमाण साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत गेले. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा पाय याच रोगाने 1977 मध्ये गेला. 1980 मध्ये कृत्रिम पायाने तो देशभर धावायला निघाला तो कर्करोग संशोधनासाठी निधी उभा करायला. पाश्चात्त्य देशांतल्या रूढ उपचारात मेथोट्रेक्सेट हे औषध अतिशय मोठ्या मात्रेत दिले जाते. ते दिल्यावर रक्तातली त्याची पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागते, उताऱ्याचे औषध अचूक वेळी द्यावे लागते, रुग्णाला भरती ठेवावे लागते. एक पायरी चुकली तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते. खाटा कमी आणि रुग्ण पुष्कळ असलेल्या ठिकाणी हे झेपत नाही. टाटा स्मारकाने म्हणून मेथोट्रेक्सेट वगळून डॉक्सोरुबिसिन, सिसप्लॅटिन आणि आयफोस्फमाइड यांची आपली पद्धत बसवली. ती ‘ओजीएस-12’ या नावाने ओळखली जाते. परवडेल, देता येईल आणि पुरा होईल असा उपचार कागदावरच्या सर्वोत्तम पण अर्ध्यात सुटणाऱ्या उपचारापेक्षा सरस असतो, हा यामागचा विचार भारतीय वैद्यकाने आणखी ठिकाणी उचलायला हवा.

काही महिने औषधे दिल्यावर शस्त्रक्रिया, त्यानंतर पुन्हा औषधे, असा क्रम असतो. गाठीसोबत तिच्याभोवतीचे निरोगी मांसही एकसंध काढायचे असते. प्रश्न उरतो तो मधल्या रिकाम्या जागेचा. बहुतेकदा तिथे धातूचा मोठा सांधा, मेगाप्रोस्थेसिस, बसवतात. आयात केलेला सांधा सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असतो. चेन्नईत डॉ. मयिल वाहनन नटराजन यांनी देशी बनावटीचे सांधे वापरायला सुरुवात करून वाट दाखवली. पुढे टाटा स्मारक, आयआयटी मुंबई आणि हैदराबादचे एनएफटीडीसी हे धातुसंशोधन केंद्र यांनी केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाच्या पाठबळाने गुडघ्याचा भारतीय सांधा विकसित करण्याचे काम हाती घेतले. देशी सांध्यामुळे खर्च आयात सांध्याच्या काही अंशावर येतो. पण सांधा स्वदेशी असो की विदेशी, त्याचे आयुष्य मर्यादितच. आतले प्लास्टिक झिजते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, दांडा सैल होतो. पंधरा वर्षांच्या मुलाला बसवलेला सांधा त्याला जन्मभर पुरत नाही.

गाठ हाडाच्या मधल्या दांड्यात असेल तर धातूशिवायही भागते, आणि इथे अणुऊर्जेचे ते नाते कामी येते. सर्जन गाठ असलेला हाडाचा तुकडा दोन्ही बाजूंनी कापून सबंध बाहेर काढतात. टेबलावर त्याला चिकटलेले मांस आणि गाठीचा बाहेरचा भाग खरवडून तपासणीला पाठवतात. उरलेले हाड प्रतिजैविकाच्या द्रावणात भिजवलेल्या निर्जंतुक कापडात आणि पिशव्यांच्या थरांत गुंडाळून रेडिओथेरपीच्या यंत्राकडे नेतात. तिथे त्याला एकाच वेळी 50 ग्रे एवढा किरणांचा मारा दिला जातो. जिवंत माणसाच्या शरीरात एका दमात इतकी मात्रा देता येत नाही, सुट्या हाडाला देता येते. गाठीची एकही पेशी वाचत नाही. तोवर शस्त्रक्रियागृहात रुग्ण भुलीतच असतो. हाड परत येते, प्लेट आणि स्क्रूंनी आपल्या मूळ जागी बसते. ते रुग्णाचेच असल्यामुळे मापात तंतोतंत असते आणि त्याला वेगळी किंमत मोजावी लागत नाही. मृत हाड दोन्ही टोकांना जुळायला महिने लागतात आणि तोवर कुबड्या सुटत नाहीत, ही त्याची उणीव. टाटा स्मारकात डॉ. अजय पुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने उपचार केलेल्या 32 रुग्णांचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध केले. जपानमध्ये कानाझावाच्या डॉ. हिरोयुकी त्सुचिया यांनी किरणांऐवजी द्रव नायट्रोजनमध्ये हाड गोठवण्याची पद्धत रूढ केली; जिथे रेडिओथेरपीचे यंत्रच नाही तिथे ती अधिक सोयीची. टाटा स्मारकात 1988 पासून टिश्यू बँकही आहे. दात्यांकडून मिळालेली हाडे तिथे प्रक्रिया करून ठेवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. अशा निर्जंतुकीकरणाची आयसोमेड ही सोय ट्रॉम्बेला 1974 पासून आहे.

तरीही अवयव वाचला म्हणजे रुग्ण आपल्या आयुष्यात परतला असे होत नाही. धातूच्या गुडघ्याने उकिडवे बसता येत नाही. भाताची लावणी, मासळी निवडणे, मिठागरातले काम, चुलीपुढचे काम, देशी पद्धतीचा संडास, पाटावरची पंगत, हे सगळे पालघर जिल्ह्यात जमिनीच्या पातळीवर चालते. काहींसाठी गुडघा कायमचा सरळ जोडून टाकणे जास्त टिकाऊ ठरते: पाय वाकत नाही, पण ओझे उचलता येते आणि पुन्हा शस्त्रक्रियेची टांगती तलवार राहत नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी एक पर्याय आहे तो पहिल्यांदा ऐकताना अंगावर येतो, आणि म्हणूनच नीट समजावून सांगायला हवा. मांडीचा खालचा भाग आणि गुडघा गाठीसकट काढतात. मुख्य नस सांभाळून ठेवतात. मग खालचा पाय अर्धा फिरवून, टाच पुढे आणि बोटे मागे करून, वर मांडीच्या हाडाला जोडतात. घोटा आता दुसऱ्या पायाच्या गुडघ्याच्या उंचीला येतो आणि गुडघ्याचे काम करू लागतो. पाऊल खाली दाबले की कृत्रिम पाय सरळ होतो, वर ओढले की वाकतो. पूर्वी क्षयाने खराब झालेल्या सांध्यासाठी 1927 मध्ये बोर्गग्रेव्ह यांनी वापरलेली ही युक्ती 1970 च्या दशकात व्हिएन्नातल्या साल्झर यांनी हाडाच्या कर्करोगासाठी वापरली. दिसायला ती विचित्र आहे. मुलगी असेल तर आईवडील बहुधा तिथेच थांबतात. पण कृत्रिम पाय लावून अशी मुले धावतात, सायकल चालवतात, लोकलमध्ये चढतात, आणि सांधा बदलण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. कृत्रिम पाय मात्र वाढीबरोबर बदलावा लागतो.

जायंट सेल ट्यूमरचा उपचार या मानाने हातात राहणारा आहे. हाडाला मोठी खिडकी करून गाठ खरवडून काढतात, आतल्या भिंती वेगवान यंत्राने घासतात, फिनॉल लावतात आणि पोकळीत सिमेंट किंवा हाडाचा चुरा भरतात. नुसते खरवडले तर गाठ पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते. ही सगळी पथ्ये पाळली तर ती पुष्कळ खाली येते. सिमेंट स्वस्त आहे, लगेच वजन पेलते आणि त्याच्या कडेला नवी गाठ आली तर साध्या एक्स-रेतही दिसते. डेनोसुमॅब या इंजेक्शनने गाठ कडक होते, पण ते दिल्यावर खरवडलेल्या गाठी पुन्हा येण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसल्याने त्याचा वापर आता जपून करतात.

काही जण फार उशिरा येतात. फुटलेली, रक्त वाहणारी, कुजलेली गाठ असेल तर पाय कापणे हाच जीव वाचवणारा आणि वेदना थांबवणारा उपचार असतो, आणि तो पराभव म्हणून सांगणे चुकीचे आहे. रोग फुप्फुसात सर्वत्र पसरलेला असेल तर मॉर्फिन वेळेवर मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. 2014 च्या कायदादुरुस्तीने ते मिळवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले, तरी अनेक छोटी रुग्णालये ते ठेवत नाहीत.

पैशाचा प्रश्न पूर्वीइतका अंधारा राहिलेला नाही. जुलै 2012 मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने चालते. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिओथेरपी तिच्यात येतात आणि संरक्षणाची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली आहे. 2012 मध्येच उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने सदस्य रुग्णालयांसाठी 40 औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा जुन्या दरांच्या तुलनेत सुमारे 82 टक्के, म्हणजे 1320 कोटी रुपये वाचले. योजनेत न येणारा खर्च मात्र उरतोच: आईची किंवा बापाची बुडालेली मजुरी, जव्हारहून पालघर आणि पालघरहून दादर अशी दरवेळची भाडी, बाहेरचे खाणे. उपचार अर्ध्यात सुटतात ते बहुधा याच खर्चापायी.

उपचार संपल्यावरची देखरेख वर्षानुवर्षे चालते, कारण रोग परतला तर बहुधा फुप्फुसात किंवा पूर्वीच्याच जागी परततो. त्यासाठी महागडे सीटी स्कॅन हवेतच का, हा प्रश्न टाटा स्मारकाने सरळ तपासून पाहिला. जानेवारी 2006 ते जून 2010 या काळात 500 रुग्णांवर ही चाचणी झाली. काहींच्या छातीचा साधा एक्स-रे, काहींचे सीटी स्कॅन, काहींची तपासणी दर तीन महिन्यांनी, काहींची दर सहा महिन्यांनी. निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर जगलेल्यांचे प्रमाण सीटीच्या गटात 67 टक्के होते आणि एक्स-रेच्या गटात 66 टक्के. रुग्णांना स्वतःचा अवयव चाचपून पाहायला शिकवलेले होते, आणि जागेवर परतलेल्या गाठींपैकी जवळजवळ नव्वद टक्के रुग्णांनी स्वतःच ओळखल्या. छातीचा एक्स-रे विरारला निघतो. गाठ चाचपायला आपले हात पुरतात. दोन्ही गोष्टी परळच्या डॉक्टरांकडून नीट समजून घ्याव्यात, दिलेली तारीख चुकवू नये, आणि बोटांना नवे काही लागले तर तारखेची वाट न पाहता गाडी पकडावी.